जपानी हार्ड रॉकच्या नमुना रेकॉर्ड्स : नव्या संग्राहकासाठी वाट

१९७०च्या दशकात जपानमध्ये नवा हार्ड रॉक अल्बम दुकानात लागायच्या आधी रेकॉर्ड कंपनी त्याच्या काही प्रती रेडिओ केंद्रांना, मासिकांत परीक्षणं लिहिणाऱ्यांना आणि दुकानदारांना पाठवायची. गाणी योग्य कानांवर पडावीत आणि अल्बमबद्दल बोललं-लिहिलं जावं, हा त्यामागचा हेतू. या प्रती विकायच्या नव्हत्या. काम झाल्यावर त्या केंद्रांच्या कपाटांत आणि समीक्षकांच्या घरांत राहिल्या, आणि वर्षांनंतर जुन्या रेकॉर्ड्सच्या बाजारात आल्या. जपानीत अशा रेकॉर्डला 'मिहोनबान' म्हणतात, म्हणजे नमुना रेकॉर्ड. जगभरचे संग्राहक 'व्हाइट लेबल प्रोमो' म्हणतात, कारण बहुतेक कंपन्या या प्रतींवर नेहमीच्या रंगीत लेबलाऐवजी पांढरं लेबल लावत.

या रेकॉर्ड्सच्या मागे लागणाऱ्यांपैकी बरेच जण सुरुवातीलाच महागडी प्रत विचारतात. माझा सल्ला उलट आहे. आधी रेकॉर्ड वाचायला शिका. लेबल, कव्हर, कागदी पट्टी आणि खाचा संपल्यावर कोरलेले आकडे, या चार जागी ती रेकॉर्ड कोणी, कधी आणि कशासाठी दाबली हे लिहिलेलं असतं. ते वाचता आलं की विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून पैसे मोजायची वेळ येत नाही.

पायरी १ : साधी जपानी प्रत हातात घ्या

नमुना प्रत ओळखायची तर आधी त्याच अल्बमची दुकानात विकली गेलेली प्रत माहीत हवी. म्हणून पहिली खरेदी साध्या जपानी प्रेसिंगची, म्हणजे जपानमध्ये दाबलेल्या प्रतीची, करा. जेव्हा विदेशी बँड लोकप्रिय होते त्या १९७०-८०च्या दशकांतल्या अशा प्रती जपानमध्ये अजून भरपूर मिळतात आणि तुलनेने स्वस्त असतात.

कव्हरभोवती डाव्या बाजूने गुंडाळलेली उभी कागदी पट्टी दिसेल. तिला 'ओबी' म्हणतात. तिच्यावर बँडचं नाव, अल्बमचं जपानी शीर्षक, जाहिरातीचा मजकूर, किंमत आणि कॅटलॉग क्रमांक असतो. पट्टी नुसतीच गुंडाळलेली असल्याने ती सहज फाटते, आणि त्या काळी अनेकांनी ती पाकिटासारखी फेकून दिली. त्यामुळे ओबी असलेल्या आणि नसलेल्या प्रतीच्या किमतीत मोठी तफावत असते. जुन्या आणि कमी खपलेल्या अल्बमच्या बाबतीत तर कधी कधी ओबीची किंमत रेकॉर्डपेक्षा जास्त भरते.

आत गाण्यांच्या शब्दांचा कागद असतो आणि बहुधा जपानी समीक्षकाने लिहिलेला परिचय असतो. काही अल्बममध्ये पोस्टरही असायचं. रेकॉर्ड पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, जिचा तळ अर्धगोल असतो. या सगळ्या गोष्टी एकेक करून बाहेर काढा, फोटो काढा, कुठली गोष्ट कुठल्या कागदावर छापली आहे ते बघा. कागदाचा पोत आणि छपाईची धाटणी हातांच्या ओळखीची झाली की नकली ओबी बऱ्याचदा स्पर्शातच कळते.

पायरी २ : कंपन्यांची वंशावळ पाठ करा

ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात जास्त उपयोगी आहे. जपानमध्ये विदेशी बँडचे अल्बम स्थानिक कंपन्या परवान्यावर काढायच्या. हे परवाने हात बदलायचे, कंपन्यांची नावंही बदलायची. त्या तारखा माहीत असल्या की लेबलावरचं कंपनीचं नाव वाचून रेकॉर्डचा काळ ठरवता येतो.

सीबीएस-सोनी १९६८ साली स्थापन झाली. वॉर्नर-पायोनिअर १९७० साली. निप्पॉन ग्रामोफोन या कंपनीचं नाव १९७१ साली पॉलिडॉर झालं. तोशिबा म्युझिकल इंडस्ट्रीज १९७३ साली तोशिबा-ईएमआय झाली. अमेरिकेच्या आरसीए कंपनीचे अल्बम काढणारी आरव्हीसी १९७५ साली उभी राहिली.

याचा उपयोग कसा होतो ते पाहा. लेड झेपेलिनचा दुसरा अल्बम १९६९ सालचा. तेव्हा अमेरिकेच्या ॲटलांटिक कंपनीचे अल्बम जपानमध्ये निप्पॉन ग्रामोफोन काढत असे. वॉर्नर-पायोनिअरकडे ते नंतर आले. आता कोणी या अल्बमची वॉर्नर-पायोनिअरची पांढऱ्या लेबलाची प्रत 'पहिलं जपानी प्रेसिंग' म्हणून विकत असेल, तर ती नमुना प्रत अस्सल असली तरी पुनर्मुद्रणाची आहे. विक्रेता प्रामाणिकही असू शकतो, त्याला वंशावळ ठाऊक नसेल एवढंच. पण जास्तीचे पैसे तुमच्याच खिशातून जातील.

कॅटलॉग क्रमांकातही माहिती दडलेली असते. वॉर्नर-पायोनिअरच्या १९७०च्या दशकातल्या क्रमांकांच्या शेवटी एक अक्षर असतं: ॲटलांटिकसाठी 'ए', वॉर्नर ब्रदर्ससाठी 'डब्ल्यू', इलेक्ट्रासाठी 'ई'. डीप पर्पलचा 'मशीन हेड' पी-८२२४डब्ल्यू या क्रमांकाने निघाला. क्वीन बँड ब्रिटनमध्ये ईएमआयकडे होता, पण जपानमध्ये १९७०च्या दशकात त्याचे अल्बम वॉर्नर-पायोनिअरने इलेक्ट्राच्या लेबलावर काढले, म्हणून तिथे 'ई' दिसतं. सीबीएस-सोनीच्या '२५एपी'ने सुरू होणाऱ्या क्रमांकातला २५ हा आकडा २,५०० येन किमतीचा. पुढे २,८०० येन झाल्यावर '२८एपी' आलं. इतर कंपन्यांनीही १९८०च्या आसपास अशीच पद्धत वापरली. त्यामुळे जुन्या अल्बमवर '२५' किंवा '२८' चा क्रमांक दिसला की ती नंतरची आवृत्ती असण्याची शक्यता लगेच डोक्यात यायला हवी.

एक गैरसमज इथेच दूर करतो. तोशिबाच्या काही जुन्या रेकॉर्ड्स उजेडात धरल्या की गर्द लाल दिसतात. स्थिर वीज कमी साठावी, धूळ कमी चिकटावी म्हणून तोशिबाने 'एव्हरक्लीन' नावाचं हे खास प्लॅस्टिक वापरलं होतं आणि १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत ते चालू होतं. लाल तबकडी दिसायला देखणी असते, संग्राहकांना प्रियही आहे, पण ती दुकानात सर्रास विकली जायची. केवळ लाल रंगामुळे कुठलीही रेकॉर्ड नमुना प्रत ठरत नाही.

पायरी ३ : नमुना प्रतींचे प्रकार वेगळे करा

सगळ्यात मागणी असलेला प्रकार म्हणजे पूर्ण पांढऱ्या लेबलावर काळ्या शाईत गाण्यांची यादी, क्रमांक आणि 'मिहोनबान' हा शब्द छापलेला. जपानी वाचता येत नसेल तरी या शब्दाची पहिली दोन चिन्हं ओळखायला सोपी आहेत. पहिल्यात दोन आडव्या रेघा असलेला उभा चौकोन दोन पायांवर उभा आहे. दुसरं झाडासारखं दिसतं आणि त्याच्या बुंध्यावर एक आडवी रेघ मारलेली असते. याच्या जोडीला बऱ्याचदा 'हिबाईहिन', म्हणजे 'विक्रीसाठी नाही', असंही लिहिलेलं असतं. त्याचं शेवटचं चिन्ह म्हणजे तीन छोटे चौकोन, एक वर आणि दोन खाली. ही तीन चिन्हं डोळ्यांत बसली की फोटोवरून निम्मं काम होतं.

दुसरा प्रकार नेहमीच्या रंगीत लेबलाचा, पण त्यावर नमुन्याचा शिक्का मारलेला, किंवा कव्हरच्या मागे चिठ्ठी चिकटवलेली. हाही खरा प्रकार आहे, पण शिक्का आणि चिठ्ठी नंतरही लावता येतात. म्हणून मी छापील पांढऱ्या लेबलाला नेहमी वरचं स्थान देतो, आणि शिक्क्याच्या प्रतीला साध्या प्रतीपेक्षा थोडेच जास्त पैसे द्यायला सांगतो.

तिसरा प्रकार खास प्रचारासाठीच बनवलेल्या रेकॉर्ड्सचा. यांची दुकानी आवृत्ती कधी निघालीच नाही. कंपनीच्या येऊ घातलेल्या अल्बममधली एकेक गाणी निवडून केलेल्या संकलनाच्या एलपी दुकानांना मिळत. त्यांवर 'तेंतो एन्सोयो' असं असतं, म्हणजे दुकानात वाजवण्यासाठी. यांचं कव्हर बहुधा साधं असतं आणि क्रमांकाची मालिकाही नेहमीच्या अल्बमपेक्षा वेगळी असते. दौऱ्याच्या निमित्ताने काढलेल्या, बँडच्या मुलाखती असलेल्या किंवा रेडिओवर लावण्यापुरत्या रेकॉर्ड्सही यात येतात. माझ्या मते नव्या संग्राहकाला सगळ्यात जास्त आनंद देणारा कोपरा हाच. अनेक संकलनांत मोठ्या नावांच्या शेजारी विसरले गेलेले बँड असतात, त्यामुळे नावाजलेल्या अल्बमच्या पांढऱ्या लेबलांइतकी झुंबड त्यांच्यामागे नसते.

चौथा प्रकार टेस्ट प्रेसिंग. साचा बरोबर आहे ना, हे तपासण्यासाठी दाबलेल्या या मोजक्या प्रती. लेबल कोरं पांढरं, फार तर हाताने लिहिलेला क्रमांक. कव्हरही बहुधा कोरंच. कोऱ्या लेबलावर कोणीही काहीही लिहू शकतो, त्यामुळे सुरुवातीच्या काळात याच्या वाटेला जाऊ नका.

१९८०च्या दशकाच्या अखेरीचा एक वेगळा मुद्दा आहे. तेव्हा जपानी बाजार झपाट्याने सीडीकडे वळला आणि एलपीचं उत्पादन आटत गेलं. या संक्रमणात काही अल्बमची एलपी फक्त नमुना प्रत म्हणून दाबली गेली, दुकानात सीडीच आली. ग्लॅम आणि हेवी मेटलची आवड असलेल्यांनी या वर्षांवर बारीक नजर ठेवावी.

पायरी ४ : आवाजाबद्दल योग्य अपेक्षा ठेवा

जपानी प्रेसिंग म्हणजे सर्वोत्तम आवाज, असं सरसकट म्हटलं जातं. त्यातलं पक्कं सत्य एवढंच की जपानी कारखान्यांचं प्लॅस्टिक आणि दाबणी उत्तम होती, त्यामुळे या रेकॉर्ड्सवर खरखर फार कमी येते. मूळ ध्वनिमुद्रण मात्र ब्रिटनचं किंवा अमेरिकेचं असे आणि जपानला बहुधा त्या टेपची नक्कल मिळे. म्हणून लंडनमध्ये मुद्रित झालेल्या अल्बमची पहिली ब्रिटिश प्रत आवाजाच्या दणक्यात जपानी प्रतीच्या पुढे असू शकते.

नमुना प्रतीच्या बाजूने असं सांगितलं जातं की ती आधी दाबली गेली, साचा ताजा होता, म्हणून खाचा जास्त स्वच्छ. तर्क चुकीचा नाही. पण दुकानातल्या पहिल्या खेपेच्या प्रतीही बऱ्याचदा त्याच साच्यातून आलेल्या असतात, आणि मग कानाला फरक जाणवणं अवघड. त्यात रेडिओ केंद्रातली प्रत जड सुईखाली अनेकदा वाजलेली असू शकते. नमुना प्रत घ्यायची ती तिच्या इतिहासासाठी आणि दुर्मीळपणासाठी घ्या. आवाजच हवा असेल तर ओबी असलेली, नीट जपलेली पहिली साधी प्रत कमी पैशांत तेच समाधान देईल.

पायरी ५ : पहिला विषय निवडा

सगळंच गोळा करायला निघालात तर पैसे आणि उत्साह दोन्ही लवकर संपतील. एक बँड, एक कंपनी किंवा एक छोटा काळ निवडा. नव्या माणसाला मी जपानमध्येच मुद्रित झालेल्या मैफलींचे अल्बम सुचवतो, कारण तिथे जपान हा मूळ मुक्काम आहे.

डीप पर्पलने १९७२च्या ऑगस्टमध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाकात आणि १७ला टोकियोच्या बुदोकान सभागृहात कार्यक्रम केले. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने ते मुद्रित केले. हा अल्बम मुळात जपानी बाजारापुरताच काढायचा बेत होता. पुढे जगभर तो 'मेड इन जपान' नावाने गाजला, पण जपानमध्ये तो वेगळ्या कव्हरात 'लाइव्ह इन जपान' म्हणून आला. चीप ट्रिकचा बुदोकानचा अल्बम १९७८च्या एप्रिलमध्ये मुद्रित होऊन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये निघाला. अमेरिकेत तो १९७९ साली आला, तोही आयात केलेल्या जपानी प्रतींना मागणी वाढल्यावर. म्हणजे इथे जपानी प्रत हीच जगातली पहिली.

स्कॉर्पिअन्सचा 'टोकियो टेप्स' १९७८च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या नाकानो सनप्लाझा सभागृहात मुद्रित झाला, गिटारवादक उली रोथच्या बँडमधल्या शेवटच्या दिवसांत. जूडास प्रीस्टचा १९७९ सालचा टोकियोतला अल्बम जपानमध्ये 'प्रीस्ट इन द ईस्ट' नावाने आला आणि सोबत जादा गाण्यांची छोटी रेकॉर्ड होती. विकत घेताना ती आत आहे ना, हे विचारायलाच हवं. मायकल शेंकर ग्रुपचा बुदोकानचा कार्यक्रम १२ ऑगस्ट १९८१चा, आणि आयर्न मेडनने त्याच वर्षी २३ मे रोजी नागोयात वाजवलेली गाणी पुढे ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या रेकॉर्डवर, आली. या पाच-सहा अल्बमच्या साध्या आणि नमुना प्रतींचा अभ्यास केलात तरी वॉर्नर-पायोनिअर, सीबीएस-सोनीची उपकंपनी एपिक-सोनी, आरव्हीसी आणि तोशिबा-ईएमआय एवढ्या कंपन्यांच्या पद्धती कळून जातात.

खुद्द जपानी बँडही आहेत. फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडचा 'सातोरी' १९७१चा, ॲटलांटिकच्या लेबलावर. त्याची मूळ प्रत मिळणं कठीण आणि पुनर्मुद्रणं खूप, त्यामुळे हे शिखर नंतरसाठी ठेवा. व्हिक्टरच्या 'इन्व्हिटेशन' लेबलावरचा बाउ वाउ किंवा १९८१ साली निप्पॉन कोलंबियाकडून पहिला अल्बम काढणारा लाउडनेस, यांच्यापासून सुरुवात करणं जास्त शहाणपणाचं.

पायरी ६ : कुठे शोधायचं

टोकियोत जाणं झालं तर डिस्क युनियनच्या दुकानांसाठी एक अख्खा दिवस ठेवा. शिंजुकू आणि ओचानोमिझू भागांत त्यांच्या शाखा आहेत आणि हार्ड रॉक-हेवी मेटलसाठी त्यांनी वेगळे विभाग ठेवलेले आहेत. शिबुयात एचएमव्हीचं जुन्या-नव्या रेकॉर्ड्सचं दुकान आहे. ओसाकात अमेरिकामुरा भागात छोटी दुकानं आहेत. प्रत्येक प्रतीवर तबकडीची आणि कव्हरची प्रतवारी वेगवेगळी लिहिलेली असते. जपानी दुकानदार यात कडक असतात. त्यांची 'बी' श्रेणी पाहून घाबरू नका, विनंती केल्यास अनेक दुकानांत वाजवून बघता येतं. परतताना रेकॉर्ड्स हातातल्या सामानात ठेवा. एलपीचं कव्हर सुमारे ३१.५ सेंटीमीटर चौरस असतं, तुमच्या केबिन बॅगेत ते बसतं का, हे आधी मोजून पाहा.

पुण्यात, नागपुरात किंवा न्यू जर्सीत बसून खरेदी करायची तर डिस्कॉग्ज (रेकॉर्ड्सच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ) आणि ईबे सोपे पडतात. विक्रेते इंग्रजीत बोलतात, किंमत मात्र चढी असते. खरी खाण याहू ऑक्शन्स जपान आहे. तिथे परदेशातून थेट बोली लावणं बहुतेकांना जमत नाही, म्हणून बायी किंवा झेनमार्केटसारख्या मध्यस्थ सेवा वापराव्या लागतात. त्या तुमच्या वतीने बोली लावतात, माल आपल्या गोदामात घेतात आणि चार-सहा रेकॉर्ड्स एकत्र बांधून पाठवतात. तिथल्या बऱ्याच लिलावांत शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे अखेरच्या क्षणी झडप घालण्याचा डाव चालत नाही. आपली कमाल रक्कम आधी ठरवा आणि तिथेच थांबा.

ती रक्कम ठरवायची कशी? विक्रेत्यांनी लावलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्षात झालेले व्यवहार बघा. डिस्कॉग्जवर प्रत्येक प्रेसिंगच्या विक्रीचा इतिहास असतो आणि पॉपसाइकवर जुन्या लिलावांचे निकाल मिळतात. तुमच्या अल्बमचे निदान गेल्या दोन-तीन वर्षांतले व्यवहार वाचा.

पायरी ७ : जपानी वर्णन उलगडा

भाषांतर ॲप अर्थ सांगतं, पण रेकॉर्डच्या धंद्यातले शब्द त्याला नीट उमगत नाहीत. हे थोडे शब्द वहीत उतरवून ठेवा. 'ओबीत्सुकी' म्हणजे ओबीसकट, 'ओबीनाशी' म्हणजे ओबीविना. 'किझू' ओरखडा, 'सुरे' वरवरची घासटी, 'सोरी' तबकडी वाकलेली, 'हारितोबी' सुई उडते. 'शिमी' म्हणजे कव्हरवरचे पिवळे-तपकिरी डाग, 'काकिकोमी' म्हणजे पेनाने लिहिलेलं. 'हिगे'चा शब्दशः अर्थ मिशा. रेकॉर्ड प्लेअरवर ठेवताना मधली दांडी लेबलावर घासून जे बारीक चरे पडतात, ते हे. हिगे जितक्या कमी तितकी रेकॉर्ड कमी वाजलेली, असा चांगला अंदाज त्यावरून बांधता येतो. 'साइसेई मिकाकुनिन' म्हणजे वाजवून पाहिलेली नाही. हा शब्द असेल तर बोली निम्म्यावर आणा.

आणखी एक शब्द फार महत्त्वाचा: 'बिनीयाके'. पीव्हीसीच्या जुन्या पिशवीत रेकॉर्ड वर्षानुवर्षं राहिली की त्या प्लॅस्टिकमधली रसायनं तबकडीवर उतरतात आणि दुधी, धुरकट छटा येते. ती धुऊन जात नाही आणि कधी कधी ऐकूही येते. फोटोत नुसता धुरळा वाटतो, म्हणून तिरक्या उजेडातला फोटो मागून घ्या.

पायरी ८ : पैसे देण्याआधी हे फोटो मागा

दोन्ही बाजूंची लेबलं जवळून. खाचा संपल्यावरच्या गुळगुळीत पट्टीवरचे आकडे दोन्ही बाजूंचे. कव्हरची पाठ आणि कणा. ओबी पुढून, मागून आणि घडीवर.

तबकडीवरच्या या गुळगुळीत पट्टीवर बहुधा कॅटलॉग क्रमांक, बाजूचा आकडा आणि पुढे साच्याची लहान अक्षरं-आकडे असतात. बऱ्याच रेकॉर्ड्सवर जपानी औद्योगिक मानकाचं छोटं गोल चिन्हही दिसतं. हे सगळं डिस्कॉग्जवरच्या त्याच अल्बमच्या साध्या प्रतीच्या नोंदीशी ताडून पाहा. पांढऱ्या लेबलावरचा क्रमांक एक आणि गुळगुळीत पट्टीवरचा दुसराच निघाला, तर कारण कळेपर्यंत थांबा.

लेबलाचा कागद तबकडीच्या प्लॅस्टिकमध्ये दाबतानाच बसवतात, त्याची कड सपाट आणि एकजीव दिसते. वरून चिकटवलेल्या पांढऱ्या कागदाची कड उचललेली असते. छापील मजकुराची शाई कागदात मुरलेली दिसते, रबरी शिक्क्याची पसरते. ओबीच्या बाबतीत रंगाचा विचार करा. पन्नास वर्षं कव्हरवर बसलेल्या पट्टीखालचा भाग उरलेल्या कव्हरपेक्षा कमी उडालेला असतो, आणि पट्टीचा कणा कव्हरच्या कण्याइतकाच पिवळा पडलेला असतो. पिवळट कव्हरवर पांढरीशुभ्र ओबी दिसली तर ती नक्कल असू शकते, किंवा दुसऱ्या प्रतीवरून आणलेली. जपानी धर्तीची ओबी लावलेल्या चोरट्या मैफल-रेकॉर्ड्सही बाजारात फिरतात. कंपनीचं नाव, किंमत आणि क्रमांक या तिन्ही गोष्टी तिथे सहसा एकमेकींशी जुळत नाहीत.

नमुना प्रतीवर ओबी नसणं हा दोष मानू नका, अनेक प्रती तशाच मिळतात. उलट कव्हर दुकानी प्रतीचंच वापरलेलं असल्याने त्यावर किंमत छापलेली असू शकते. केंद्राचा शिक्का, कपाटाच्या क्रमांकाची चिठ्ठी, गाण्यापुढे पेनाने केलेली खूण, हे सगळं त्या रेकॉर्डच्या आयुष्याचा भाग आहे. खोडायला किंवा सोलायला जाऊ नका.

पायरी ९ : हातात पडेपर्यंतचा खर्च

बोलीची रक्कम, मध्यस्थाचं शुल्क, जपानमधला टपालखर्च, आंतरराष्ट्रीय टपाल आणि भारतात आल्यावरचं आयात शुल्क, हे पाचही आकडे आधी कागदावर मांडा. एका एलपीचं कव्हरसकट वजन साधारण २५० ते ३०० ग्रॅम, त्यावर बांधणीचा पुठ्ठा. एकच रेकॉर्ड मागवली तर टपाल मालापेक्षा जास्त होऊ शकतं, म्हणून गोदामात काही जमवून एकदम मागवा. शुल्काचे दर बदलत असतात, मागवण्याच्या वेळचे बघा. मालाची किंमत कमी लिहून पाठवायला विक्रेत्याला सांगू नका. पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मिळते. बांधताना तबकडी कव्हरच्या बाहेर, वेगळ्या पिशवीत ठेवायला जरूर सांगा, नाहीतर वाटेतल्या धक्क्यांनी कव्हरची कड आतून फाटते.

पायरी १० : आपल्या हवेत जपणूक

टोकियोतून आलेल्या कागदाला मुंबई, कोकण किंवा गोव्याचा पावसाळा सोसवत नाही. कव्हरवर आणि लेबलावर बुरशी धरते, आणि पांढऱ्या लेबलावर तिचे डाग कायमचे राहतात. रेकॉर्ड्स बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. उभ्या ठेवा, फार दाबून नाही. मधे हवा खेळू द्या. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओल आली की बदला. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून एकेक कव्हर हाताळा. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उन्हाचा. तिथे पश्चिमेच्या भिंतीपासून आणि माळ्यापासून रेकॉर्ड्स लांब ठेवा, एकदा वाकलेली तबकडी क्वचितच पूर्ण सरळ होते.

जुन्या पीव्हीसी पिशव्या पहिल्याच दिवशी बदला आणि पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. मूळ आतली पिशवी टाकू नका, कव्हरच्या मागे वेगळी ठेवा. ओबी कव्हरवरून सरकवून काढायची सवय लावू नका. बाहेरची पिशवी थोडी सैल घ्या, म्हणजे आत-बाहेर करताना पट्टीची कड अडकत नाही. धुवायचं तर डिस्टिल्ड पाणी, रेकॉर्डसाठीचं सौम्य द्रावण आणि मऊ कापड पुरेसं आहे. लेबलावर थेंबही जाऊ देऊ नका.

पायरी ११ : नोंद ठेवा, आणि ती इतरांसाठीही खुली करा

प्रत्येक रेकॉर्डसाठी एक पान करा: अल्बम, कंपनी, क्रमांक, तबकडीच्या गुळगुळीत पट्टीवरचे आकडे, लेबलाचा प्रकार, आत काय काय होतं, कुठून आणि किती येनला घेतली. या क्षेत्रात कंपन्यांच्या अधिकृत याद्या हाताशी नसतात. नमुना प्रतींबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं संग्राहकांनी आपापल्या प्रती उजेडात धरून, आकडे उतरवून जमवलेलं आहे. तुमची प्रत डिस्कॉग्जवर नोंदलेली नसेल तर लेबलाच्या आणि गुळगुळीत पट्टीच्या स्पष्ट फोटोंसह नोंद घाला. क्रमांक जसा कोरला आहे तसाच लिहा, पुसट अक्षर अंदाजाने भरू नका. नोंद असेल पण फोटो नसतील, तर तेवढे घाला.

विकायची वेळ आली तर हीच वही उपयोगी पडते. खरेदीची पावती आणि लिलावाच्या पानाचं छायाचित्र रेकॉर्डच्या पिशवीत ठेवू नका, शाई कव्हरवर उतरते. वेगळ्या फाइलीत लावा आणि वहीतल्या पानावर तिचा क्रमांक टाका.